पट कमी म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून पट कमी : सरकारी शाळांच्या निधीसाठी खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. अर्थमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझी मुलगी या शाळेत सहावीला आहे, मुलगा दुसरीला. माझे मिस्टर, दीर, नणंदा सगळे इथेच शिकले. गाव सह्याद्रीच्या घाटमाथ्याला लागून आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गाऱ्हाणं मी मांडणार आणि खुलासा आमच्या गुरुजींकडून मागितला जाणार, असं व्हायला नको. शिवाय या जागी डोंगरातल्या कुठल्याही वाडीचं नाव घातलं तरी पत्रातला एक शब्द बदलावा लागणार नाही.

पत्राचं निमित्त संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची ते ठरवणं. आमची शाळा पहिली ते आठवी. एकूण पट ४१; त्यातली पहिली ते पाचवीची २४ आणि सहावी ते आठवीची १७. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तिथे शिक्षकाचं पद शून्य झालं. वर्ग तीन, मुलं १७, विज्ञान आहे, गणित आहे, इंग्रजी-हिंदी आहे, आणि शिकवायला कागदावर माणूस नाही. आता पहिली ते पाचवीचे दोन गुरुजी आठ इयत्ता सांभाळणार. त्यातल्या एकाला मतदार यादीचं काम लागलं, दुसऱ्याला तालुक्याला मीटिंग लागली, की त्या दिवशी शाळा कुणाच्या भरवशावर, हे निर्णय काढताना कुणाच्या मनात आलं असेल का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीत साध्या शब्दांत लिहिलं आहे : पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, सहावी ते आठवीला दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा या तिन्हींसाठी माणूस हवा. त्यात कुठेही 'वीस मुलं भरली तर' असं म्हटलेलं नाही. संसदेने दिलेला हक्क पटाच्या आकड्यावर काढून कसा घेता येतो, हे आम्हाला कुणीतरी समजावून सांगावं.

याचं पुढे काय होतं तेही सांगते, कारण शेजारच्या खोऱ्यात ते होताना आम्ही पाहिलंय. शिक्षक नाही म्हटल्यावर आईबाप दाखले मागायला येतात. ज्यांच्या दारात गाडी आहे, ज्यांचं कुणी शहरात आहे, ते आधी पोरं हलवतात. मग बाकीच्यांचा धीर सुटतो. सहावी ते आठवी बंद पडते आणि शाळेचा पट ४१ वरून २४ वर येतो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार आणि ३० पर्यंतच्या पटाला १० हजार असं आहे. म्हणजे अनुदानही पंचवीसचं दहावर येतं. थोरली बहीण दुसऱ्या गावी गेली की बारकाही जातो, कारण ओढ्याच्या वाटेने बारकी पोरं एकटी कुणी पाठवत नाही. चोवीसची विसाच्या आत आली की दुसऱ्या गुरुजींच्या पदावर गदा. आणि एक दिवस मुंबईत कुणीतरी म्हणतं, पटच नाही, तर शाळा चालवायची कशाला?

पट आपोआप कमी होत नाही, तो कमी केला जातो. माझं या पत्रातलं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील. आमच्याकडे जन्मदर घटलाय, माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण जी कुटुंबं अजून गावात आहेत, त्यांनाही शाळेतून बाहेर ढकलायचं काम निधीचे निकष करतात.

आता त्या २५ हजारांकडे येते. शाळेच्या खात्यावर मुख्याध्यापकांची आणि माझी जोडसही आहे, त्यामुळे त्यातला रुपया न् रुपया मला पाठ आहे. वर्षभराचे खडू, हजेऱ्या, दाखल्यांची पुस्तकं, फिनेल, झाडू, नळाच्या तोट्या, लाइटबिल, इंटरनेटचा रिचार्ज, झेरॉक्स, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचा खर्च, प्रयोगाच्या पेटीतलं फुटलेलं सामान, सगळं यातून. किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे हा नियम. उरलेल्यातून किरकोळ दुरुस्ती. किरकोळ म्हणजे आमच्याकडे काय, तर कौलं. पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची तर माकडांनी फोडलेली बदलावी लागतात, वासा कुजला असेल तर तो बदलावा लागतो, आणि चढणाऱ्या माणसाची मजुरी द्यावी लागते. चार खोल्यांचं एवढं एक काम केलं की वर्षाचं अनुदान संपलं. वरच्या वाडीच्या शाळेत बारा मुलं आहेत, त्यांना दहा हजार. त्यांच्याही एकेका खोलीचं छप्पर आमच्या खोलीएवढंच आहे, आणि तिथला पाऊस आमच्यापेक्षा जास्तच. पाऊस पट बघून पडत नाही.

बरं, हे पैसे येतात कधी? कौलं चाळायची ती मे महिन्यात. पैसे खात्यावर दिसतात फेब्रुवारी-मार्चला, कधी पूर्ण, कधी अर्धेच. आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जातात. वर्षभर दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकांच्या शब्दावर चालते. मार्चमध्ये बिलं गोळा करायची, ती वर चढवायची, सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री बसायचं. आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पगारातून शाळेसाठी किती घातलेत, ते कधी बोलत नाहीत. पण दुकानदाराच्या वहीत शाळेच्या नावापुढे त्यांचाच मोबाइल नंबर आहे. राज्याचं सगळं अंदाजपत्रक शेवटच्या टोकाला येऊन एका गुरुजींच्या उधारीवर उभं राहतं, ही आपल्या खात्याला शोभणारी गोष्ट नाही.

इमारतीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आमच्या चार खोल्यांपैकी दोन खोल्या धोकादायक आहेत. भिंतीला आरपार तडा आहे, पावसाळ्यात त्यातून पाणी पाझरतं, आणि मुलांनी त्या तड्याला हात लावू नये म्हणून बाकं उलटी करून आडवी लावली आहेत. निर्लेखनाचा, म्हणजे खोली सरकारी नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव गेला आहे. निर्लेखन झाल्याशिवाय खोली पाडता येत नाही, पाडल्याशिवाय नवीन खोली मंजूर होत नाही, आणि प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला गेलं की 'वर पाठवलाय' एवढंच उत्तर मिळतं. तोवर तिसरी-चौथी व्हरांड्यात बसते आणि जोराचा पाऊस आला की मारुतीच्या देवळात.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या गावातल्या बायका शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही. प्रत्येकीने आपापलं पोर बघितलं. त्यानंतर देशभर शाळांच्या इमारती तपासायच्या सूचना निघाल्या. तपासणीने तडा बुजत नाही, त्याला पैसे लागतात. शिक्षण हक्क कायद्यात सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सगळं कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंत, पुरं करायचं होतं. ती मुदत उलटून गेली तेव्हा माझ्या मुलीचा जन्मही झाला नव्हता.

यावर सरकारकडून एक उत्तर हमखास येतं : लोकसहभाग. गावाने पुढे यावं, गावाने शाळा आपली मानावी. मानतोच आम्ही. शाळेचा टीव्ही गावाने घेतला. पाण्याचं फिल्टर गावाने बसवलं. ताटं-वाट्या बचत गटाने दिल्या, रंग तरुण मंडळाने दिला, आणि साउंड सिस्टीम मुंबईकर ग्रामस्थ मंडळाने यात्रेच्या वर्गणीतून. त्यात आम्हाला आनंदच आहे. पण लोकसहभाग म्हणजे सरकारच्या वाट्याला जोड. सरकारने आपला वाटा काढून घ्यायचा आणि रिकाम्या जागेला लोकसहभाग म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही.

यात एक मोठा अन्याय आहे आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या गावची चार माणसं मुंबईला चांगली कमावती आहेत, म्हणून आमच्या शाळेत टीव्ही आहे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. त्यांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ नाही, सहकारी संस्थेत कुणी संचालक नाही, कुणा कंपनीच्या साहेबाची ओळख नाही. तिथल्या शाळेने लोकवर्गणी कुणाकडून गोळा करायची? ज्या गावाला सरकारची सगळ्यात जास्त गरज, त्याच गावाला लोकवर्गणी सगळ्यात कमी. शाळा लोकवर्गणीवर सोडल्या की जिथे आधीच आहे तिथेच आणखी जातं.

आपण ज्या शाळांचं कौतुक करता, त्यांच्याकडेही नीट बघा. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेसाठी गावाने जमीन दिली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, तोही शिक्षक आणि गावकऱ्यांच्या मेहनतीवर. या शाळांचा मला मनापासून अभिमान आहे. जिल्हा परिषदेची शाळा काय करू शकते हे त्यांनी दाखवून दिलं. पण राज्यात सरकारी शाळा सुमारे ६५ हजार आहेत. त्या सगळ्यांना चांगलं व्हायचं असेल तर दर वाडीत एक असामान्य गुरुजी आणि एक दानशूर गाव जन्माला येईल, या आशेवर राज्य चालत नाही. साध्या गावातल्या साध्या शाळेत साधा, मन लावून शिकवणारा शिक्षक असेल तरी मूल नीट शिकलं पाहिजे, आणि त्यासाठी नियमित पैसा लागतो.

१८ सप्टेंबर २०२३ ला दत्तक शाळा योजना आली. कंपन्यांनी, दानशूरांनी पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यावी, ठरलेली रक्कम खर्च केली तर शाळेला देणाऱ्याने सुचवलेलं नाव जोडता येईल. देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण दत्तक कोण जातं? ज्याचे आईबाप सांभाळू शकत नाहीत ते. महाराष्ट्र सरकार इतकं हतबल नाही. आणि कंपनी शाळा निवडणार ती हायवेजवळची, फोटोला सोपी. आमच्या वाटेला पावसाळ्यात जीपसुद्धा येत नाही.

पोरांच्या जेवणाबद्दल लिहिलं नाही तर आमच्या स्वयंपाकी मावशी मला माफ करणार नाहीत. पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाचा खर्च धरलाय ६ रुपये ७८ पैसे, आणि हा मे २०२५ पासूनचा वाढीव दर. तांदूळ वेगळा येतो. डाळ-तेल-मसाला पुरवठादाराचा. शाळेच्या हातात इंधन-भाजीपाल्यासाठी माणशी तीन रुपयांच्या आतच पडतात. त्यात मावशी शेवग्याचा पाला, भोपळा, घरच्या परड्यातला घेवडा आणून भाजी करतात. त्यांना मानधन महिन्याला अडीच हजार, वर्षातले दहाच महिने. दिवसाला शंभर रुपये धरा. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये आहे. चाळीस मुलांचं जेवण रोज रांधणाऱ्या, ताटं घासणाऱ्या बाईला खड्डे खणणाऱ्या मजुराच्या एक तृतीयांश मोबदला देताना कुणाला काहीच वाटलं नाही?

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा मुलांना अंडं, न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरलं. त्या दिवशी हजेरी भरायची. हे हजेरीपटावर दिसतं, कुणीही येऊन बघावं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि अंडं हवं असेल तर लोकसहभागातून करा असं सांगितलं. राज्याला यासाठी लागत होते सुमारे ५० कोटी. एवढ्या मोठ्या राज्याच्या तिजोरीत ही रक्कम कुठे दिसतही नाही. आमच्या पोरांच्या ताटात मात्र तेवढीच एक गोष्ट होती जी घरी रोज मिळत नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. १९९२ साली सावित्रीबाईंच्या जयंतीपासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्या काळी एक रुपयाला किंमत होती. पुढची तीन दशकं तो एक रुपयाच राहिला. आता सहावी-सातवी गावातून उठली तर मुलगा सायकलवर पाच-सहा किलोमीटर जाईल. मुलगी जाईल? माझी जाईल, मी तिला पाठवीनच, भले मला रोज तिच्याबरोबर चालावं लागलं तरी. पण तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या आया हे करू शकणार नाहीत. कुणाच्या पाठीला तान्हं आहे, कुणाला दुसऱ्याच्या बांधावर कामाला जावं लागतं. त्या मुली घरी राहतील, धाकटी भावंडं सांभाळतील, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होईल. कायद्याखालच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय ते याच मुलींसाठी.

लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार माझ्या खात्यावर येतात. त्याबद्दल तक्रार नाही. घरखर्चाला त्याचा मोठा हातभार आहे. पण गावातली शाळा मोडली तर तो पैसा कुठे जाईल? इंग्रजी शाळेच्या व्हॅनला, नाहीतर तालुक्याच्या शिकवणीला, आणि तिथे तो पुरणारही नाही. एका हाताने बहिणीला द्यायचं आणि दुसऱ्या हाताने भाचीची शाळा काढून घ्यायची, अशाने घर वर येत नाही.

पैसा नाही, हे उत्तर नवीन नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचं मुख्य गाऱ्हाणं हेच होतं की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या थरावर खर्च होतो. खेड्यातल्या प्राथमिक शाळांना आधी द्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. खर्चाचीही कारणं देत ते अडवलं गेलं आणि पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं. संपूर्ण हिंदुस्थानच्या सरकारला जे परवडत नव्हतं ते एका छोट्या संस्थानाला परवडलं, कारण महाराजांनी आधी ठरवलं आणि मग पैसा उभा केला. आपण सगळेच सभांमध्ये या तिघांची नावं घेता.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. १९६८ च्या धोरणात ते आलं, १९८६ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के आहेत. गाठले मात्र कधीच नाहीत. २००४ पासून केंद्र सरकार करांवर शिक्षण उपकर घेतंय, २०१८ पासून तो आरोग्यासह चार टक्के झाला; पण उपकरात राज्यांना वाटा मिळत नाही. समग्र शिक्षामध्ये केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. केंद्राचा हप्ता रखडला की आमची कौलं रखडतात. महाराष्ट्राने दिल्लीत हा प्रश्न जोरात मांडावा, आम्ही मागे उभे राहू. पण तोवर शाळा थांबणार नाही, पाऊसही थांबणार नाही.

मला ठाऊक आहे, आपले अधिकारी म्हणतील की शिक्षणावरचा बहुतेक पैसा पगारातच जातो. जाऊ दे ना. शाळा म्हणजे दुसरं काय असतं? शिकवणारं माणूस हाच शाळेचा मुख्य खर्च, तो वाया गेलेला पैसा नव्हे. प्रश्न असा आहे की पगारानंतर शाळेसाठी उरतं काय. आणि पगाराच्या शिक्षकाला आपण शिकवू देता का? ऑनलाइन माहिती, ॲप, फोटो, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती, मुलांचे अपार ओळख क्रमांक, सर्वेक्षणं, मतदार याद्या. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकाला देता येतात असं कायद्याचं कलम २७ सांगतं. दहा शाळांच्या एका केंद्राला एक लिपिक नेमला तर त्या दहाही शाळांचे गुरुजी फळ्याकडे परत येतील.

दुसरं म्हणणं समूह शाळांचं. छोट्या शाळा एकत्र करा, पानशेत आणि तोरणमाळसारखी मोठी शाळा बांधा, मुलांना बसने आणा. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या हजारो शाळा आहेत, त्या सगळ्यांवर या विचाराची टांगती तलवार आहे. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, मैदान असतं, सोबती जास्त मिळतात, हे मी मान्य करते. जिथे रस्ता बारमाही आहे, अंतर थोडं आहे आणि पालकांची ग्रामसभेत संमती आहे, तिथे जरूर करा. पण सहा वर्षांच्या लेकराला जुलैच्या पावसात घाटातून रोज बसने न्यायचं, दरड आली की बस बंद, डिझेलचा निधी संपला की बस बंद, ही योजना नकाशावर काढणाऱ्याने एकदा आमच्याकडे जुलैत राहायला यावं. ज्या खात्याकडे कौलांना पैसे नाहीत, ते बस वर्षानुवर्षं चालवील यावर आमचा विश्वास बसत नाही.

वीसच्या आत पट असलेल्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजारांवर कंत्राटी नेमायचा निर्णय ५ सप्टेंबर २०२४ ला काढला होता, तोही शिक्षक दिनी. २५ सप्टेंबरला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले आणि पुढे तो मागे घेतला गेला. म्हणजे निर्णय मागे घेता येतात. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारची अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरवायची असतात. असं कायद्यातच लिहिलंय. आम्ही आराखडा करतो. रात्री शाळेत बसून, बायका-पुरुष मिळून, सुताराकडून वाशांचा भाव विचारून, प्लंबरकडून टाकीचा भाव विचारून. तो जमा करतो. त्यावर आजवर एका ओळीचंही उत्तर आलेलं नाही, आणि अनुदान पटाच्या रकान्यातूनच येतं.

आमच्या मागण्या अशा :

१५ मार्च २०२४ चे संचमान्यतेचे निकष रद्द करावेत. पहिली ते पाचवीला पट कितीही असो, दोन नियमित शिक्षक. सहावी ते आठवी जिथे चालू आहे तिथे कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे शिक्षक.

शाळा अनुदानाला तळरेषा असावी. पट दहा असो की तीस, वर्षाला ५० हजारांच्या खाली कोणत्याही शाळेला मिळू नये. त्यावरची रक्कम शाळा विकास आराखड्यावरून ठरावी. केंद्राचा वाटा कमी पडला तर राज्याने आपल्या अंदाजपत्रकातून भरावा. पूर्ण रक्कम एप्रिलमध्ये यावी आणि शिल्लक पुढच्या वर्षी वापरू द्यावी.

धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तीस दिवसांत निकाली काढावा आणि पाडण्याच्या आदेशासोबतच नव्या खोलीची मंजुरी आणि निधी द्यावा. दर पावसाळ्याआधी जिल्ह्यातल्या धोकादायक खोल्यांची यादी शाळेच्या नावासह जाहीर करावी.

शाळांचं वीजबिल राज्याने परस्पर भरावं. बिल थकलं म्हणून शाळेचं मीटर काढलं जाऊ नये.

अंडं आणि केळं राज्याच्या पैशातून पुन्हा सुरू करावं. स्वयंपाकी-मदतनिसांना बाराही महिने मानधन द्यावं आणि ते निदान रोजगार हमीच्या मजुरीइतकं असावं.

मुलींचा उपस्थिती भत्ता आजच्या महागाईला धरून वाढवावा आणि आठवीपर्यंतच्या मुलींना द्यावा.

प्रत्येक शाळेला किती निधी मंजूर झाला, कोणत्या तारखेला निघाला आणि कोणत्या तारखेला शाळेच्या खात्यावर आला, हे गावाला बघता येईल असं उघड करावं. राज्य सहा टक्क्यांपर्यंत कोणत्या वर्षी किती जाणार, याचं वेळापत्रक येत्या अधिवेशनात विधिमंडळात मांडावं.

हे पत्र आमच्या ग्रामसभेत वाचलं गेलं आहे आणि गावच्या ठरावाची प्रत रीतसर टपालाने पाठवली आहे. इतर गावांच्या समित्यांनी यातलं हवं ते घ्यावं, आपले आकडे घालावेत आणि आपापल्या ठरावासह पाठवावं.

संचमान्यतेबद्दलचं उत्तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी लेखी मिळावं, ही विनंती. सहावी ते आठवीच्या काही पालकांनी दाखल्यासाठी अर्ज दिले आहेत. मी त्यांना शाळा उघडेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. त्यापुढे थांबवायला माझ्या हातात काही नाही.

आपली विश्वासू,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(सहावी आणि दुसरीतल्या मुलांची आई)